दोन कंपन्यांनी कापलेली विम्याची वर्गणी न्यू जर्सीकडून परत कशी मागावी?

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांनी २०२५ च्या जुलैत नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत त्यांचा पगार १,१८,००० डॉलर झाला आणि दुसऱ्या कंपनीत वर्षअखेरपर्यंत ९२,००० डॉलर. दोन्ही डब्ल्यू-२ (कंपनीकडून दर वर्षी मिळणारे पगाराचे आणि कपातींचे पत्रक) समोर ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आले की चौदाव्या रकान्यातील बारीक अक्षरांतल्या तीन कपाती दोन्ही कंपन्यांनी स्वतंत्रपणे केल्या आहेत आणि त्यांची बेरीज वर्षाच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त होते. त्यांच्या यजमानांची नोकरी वर्षभर एकाच कंपनीत होती, तरी त्यांच्या डब्ल्यू-२ वर कौटुंबिक रजा विम्यापोटी ६१२ डॉलर ४० सेंट कापलेले दिसतात. त्या लिहितात: "माझी बहीण कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. ती म्हणते की हा परतावा आता बंद झाला आहे. इथल्या एक मैत्रीण म्हणतात की रक्कम इतकी किरकोळ असते की तिच्यामागे लागू नये. आमच्या धाकट्या दिरांनीही याच वर्षी नोकरी बदलली; ते राहतात पेनसिल्व्हेनियात आणि काम करतात प्रिन्स्टनला. मी काय करावे, आणि त्यांना काय सांगावे?"

सप्रेम नमस्कार.

आपण डब्ल्यू-२ चा चौदावा रकाना वाचलात, याचे मला मनापासून समाधान वाटले. बहुतेक जण पहिल्या, दुसऱ्या आणि सतराव्या रकान्यातले आकडे भरून मोकळे होतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या न वाचल्या जाणाऱ्या रकान्यात आहे, आणि ते पैसे आपण मागितल्याशिवाय आपल्याला मिळणार नाहीत.

हा फरक आधी स्पष्ट करतो, कारण गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच असते. सतराव्या रकान्यात राज्याचा जो आयकर कापलेला दिसतो, तो जास्त कापला गेला असेल तर वेगळी मागणी करावी लागत नाही. विवरणपत्रात खरा कर काढला की उरलेली रक्कम आपोआप परताव्यात येते. चौदाव्या रकान्यातल्या रकमा हा आयकर नाही. त्या विम्याच्या वर्गण्या आहेत: बेरोजगारी विमा आणि त्याला जोडलेले दोन कार्यबल निधी, ज्यांची नोंद बहुधा 'यूआय/डब्ल्यूएफ/एसडब्ल्यूएफ' अशी एकत्र केलेली असते, तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा, म्हणजे 'डीआय', आणि कौटुंबिक रजा विमा, म्हणजे 'एफएलआय'. कर्मचाऱ्याच्या पगारातून बेरोजगारी विम्याची वर्गणी घेणारी राज्ये अमेरिकेत फक्त तीन आहेत: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का. त्यामुळे दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला ही कपात अनोळखी वाटते आणि तो तिच्याकडे पाहायचे सोडून देतो.

या प्रत्येक वर्गणीला पगाराची एक वार्षिक मर्यादा आहे आणि तिच्या वरच्या पगारावर वर्गणी लागत नाही. २०२५ साठी बेरोजगारी गटाची मर्यादा ४३,३०० डॉलर आणि एकत्रित दर ०.४२५ टक्के होता, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त सुमारे १८४ डॉलर. अपंगत्व विमा आणि कौटुंबिक रजा विमा यांची मर्यादा १,६५,४०० डॉलर होती. पहिल्याचा दर ०.२३ टक्के, म्हणून कमाल ३८० डॉलर ४२ सेंट, आणि दुसऱ्याचा ०.३३ टक्के, म्हणून कमाल ५४५ डॉलर ८२ सेंट. मर्यादा माणसामागे मोजली जाते, पण कपात कंपनीमागे होते, आणि अडचण इथेच उद्भवते. नव्या कंपनीने आपल्याला पहिला पगार दिला तेव्हा आधीच्या कंपनीने किती कापले हे तिच्या हिशेबात धरण्याची सोय नव्हती. कायद्याप्रमाणे तिला शून्यापासूनच मोजणी सुरू करावी लागते. आपल्या दोन्ही कंपन्यांनी चूक केलेली नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी लोक जुन्या कंपनीला रागाची पत्रे लिहितात आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही.

आता आपला हिशेब पाहू. बेरोजगारी गटात दोन्ही कंपन्यांचा पगार ४३,३०० च्या पुढे गेल्यामुळे प्रत्येकीने पूर्ण कमाल रक्कम कापली असणार. म्हणजे सुमारे १८४ डॉलर जादा गेले. अपंगत्व विम्यात पहिल्या कंपनीने २७१ डॉलर ४० सेंट आणि दुसरीने २११ डॉलर ६० सेंट कापले, बेरीज ४८३ डॉलर, त्यातून ३८०.४२ वजा केले की १०२ डॉलर ५८ सेंट उरतात. कौटुंबिक रजा विम्यात ३८९.४० आणि ३०३.६० मिळून ६९३ डॉलर होतात; त्यातून ५४५.८२ गेले की १४७ डॉलर १८ सेंट. तिन्ही मिळून सुमारे ४३४ डॉलर आपले आहेत. डब्ल्यू-२ वरचे आकडे माझ्या आकड्यांपेक्षा काही सेंटांनी वेगळे असतील तर डब्ल्यू-२ चेच आकडे धरावेत.

आपल्या मैत्रिणीचे म्हणणे काही वर्षांपूर्वी अगदी चुकीचे नव्हते. २०२३ मध्ये न्यू जर्सीत कर्मचाऱ्यांसाठी अपंगत्व विम्याचा दर शून्य होता आणि कौटुंबिक रजा विम्याचा ०.०६ टक्के, त्या वर्षी कुणाची या दोन खात्यांत दुहेरी कपात झाली तरी ती शंभर डॉलरच्या आतच असे. २०२४ मध्ये दोन्ही दर ०.०९ टक्के झाले आणि २०२५ मध्ये ते एकदम कितीतरी पटींनी वाढले. जुन्या वर्षांच्या अनुभवावरून दिलेला सल्ला नव्या वर्षाला लावला की असे होते. शिवाय आपल्या पगारातून कापलेली वर्गणी आपल्याच श्रमाची आहे. तिच्यातला जादा भाग मागणे म्हणजे सरकारकडे सवलत मागणे नव्हे.

मागणी करण्याचे साधन म्हणजे एनजे-२४५० हा फॉर्म. तो एनजे-१०४० या निवासी विवरणपत्रासोबत जातो आणि त्यातील तीन बेरजा विवरणपत्रातील तीन वेगवेगळ्या ओळींवर उतरतात. त्यासाठी पुढील अटी पूर्ण व्हायला हव्यात: त्या वर्षी आपल्याला निदान दोन कंपन्यांकडून पगार मिळालेला असावा, प्रत्येक डब्ल्यू-२ वर तिन्ही वर्गण्या सुट्या दाखवलेल्या असाव्यात, आणि कंपनीचा न्यू जर्सीचा करदाता क्रमांक तिथे असावा. ज्या कंपनीने अपंगत्व विम्यासाठी राज्याच्या योजनेऐवजी मान्यताप्राप्त खासगी योजना घेतली आहे, तिच्या डब्ल्यू-२ वर त्या योजनेचा क्रमांकही असायला हवा. एखाद्या कंपनीने तिन्ही रकमा एकत्र करून एकच आकडा छापला असेल, तर तो आपण अंदाजाने फोडून भरू नये. मागणी नाकारली जाईल. अशा वेळी कंपनीकडे सुधारित डब्ल्यू-२, म्हणजे डब्ल्यू-२सी, मागावा. शेवटची पगारपावती हाताशी असेल तर हे बोलणे सोपे होते, कारण त्यावर वर्षभराच्या कपाती सुट्या दिसतात.

विवरणपत्र सॉफ्टवेअरवर भरणार असाल तर एका ठिकाणी फार जपावे लागते. चौदाव्या रकान्यात कंपनी आपल्या मर्जीने संक्षेप छापते; एकीकडे 'एफएलआय', दुसरीकडे 'एनजे एफएलआय', तिसरीकडे आणखी काही. सॉफ्टवेअर ते वाचते, पण त्याला अर्थ कळला नाही तर ती रक्कम 'इतर' या नावाखाली टाकते आणि मग एनजे-२४५० तयारच होत नाही. डब्ल्यू-२ चे छायाचित्र काढून माहिती आपोआप भरून घेतली असेल तर ही शक्यता आणखी वाढते. म्हणून प्रत्येक डब्ल्यू-२ साठी त्या रकान्याच्या यादीतून योग्य प्रकार स्वतः निवडावा आणि विवरणपत्र पाठवण्यापूर्वी त्याची प्रत उघडून एनजे-२४५० त्यात आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. मी स्वतः अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत हे पाहिले नव्हते. एका सल्लागार कंपनीतून दुसरीत गेलो, विवरणपत्र भरले, परतावा आला म्हणून खूश झालो, आणि त्या वर्षीची जादा वर्गणी ध्यानात आली तेव्हा मागण्याची मुदत संपून गेली होती. आपल्या बाबतीत तसे होऊ नये, यासाठी हे सगळे इतके सविस्तर लिहीत आहे.

यजमानांचे प्रकरण वेगळे आहे आणि ते आपल्या प्रकरणात मिसळू नये. त्यांची कंपनी एकच आहे. कौटुंबिक रजा विम्याची कमाल ५४५.८२ असताना ६१२.४० कापले गेले, म्हणजे ६६ डॉलर ५८ सेंट जास्त घेतले, आणि ही मात्र कंपनीची चूक आहे. वर्षाच्या मध्यात पगाराची व्यवस्था एका यंत्रणेतून दुसरीकडे गेली की आधीचे आकडे पुढे न नेल्यामुळे असे घडू शकते. एकाच कंपनीने मर्यादेपेक्षा जास्त कापले असेल तर राज्य ते विवरणपत्रातून परत करत नाही. ते कंपनीनेच परत करायचे असते. कंपनीला राज्याकडे भरलेले तिमाही अहवाल दुरुस्त करून आपले समायोजन करून घेता येते, त्यामुळे तिच्या पदरचे काही जाणार नाही. यजमानांनी पगार विभागाला लेखी कळवावे, डब्ल्यू-२ ची प्रत जोडावी, वर्षाची कमाल रक्कम त्यात नमूद करावी आणि पैसे परत देऊन सुधारित डब्ल्यू-२ देण्याची विनंती करावी. फोनवर बोलणे झाले तरी नंतर ईमेल करावे, म्हणजे तारीख राहते.

पती-पत्नीने संयुक्त विवरणपत्र भरले तरी एनजे-२४५० प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. आपली जादा रक्कम आपल्या फॉर्मवर. यजमानांना या वर्षी दुसरी कंपनी नसल्यामुळे त्यांना या फॉर्मची गरजच नाही. पुढे कधी त्यांनी नोकरी बदलली आणि त्यांतल्या एका कंपनीने मर्यादेच्या वर कापलेले असले, तर त्या कंपनीसमोर फॉर्ममध्ये फक्त कमाल रक्कमच लिहायची असते आणि वरचे पैसे त्या कंपनीकडून वसूल करायचे असतात.

आता बहिणीच्या बोलण्याकडे वळतो. त्या स्वतःच्या राज्याबद्दल बरोबर बोलत आहेत. कॅलिफोर्नियातही राज्य अपंगत्व विम्याची, म्हणजे तिथे ज्याला 'एसडीआय' म्हणतात त्याची, वर्गणी पगारातून कापली जाते आणि २०२३ पर्यंत तिलाही पगाराची मर्यादा होती: त्या वर्षी १,५३,१६४ डॉलर, दर ०.९ टक्के, कमाल १,३७८ डॉलर ४८ सेंट. दोन कंपन्यांत काम केलेल्यांना जादा रक्कम कॅलिफोर्नियाच्या ५४० या विवरणपत्रात परत मागता येत असे, आणि चांगल्या पगाराच्या माणसासाठी ती मोठी असे. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या विधिमंडळाच्या ९५१ क्रमांकाच्या सिनेट विधेयकाने ही मर्यादाच काढून टाकली. आता सगळ्या पगारावर वर्गणी लागते, म्हणून दोन कंपन्यांमुळे 'जादा' असे काही उरतच नाही. न्यू जर्सीत मर्यादा कायम आहे. त्यामुळे सॅन होजेचा नियम एडिसनला लागू होत नाही. मात्र बहिणीला एवढे जरूर विचारा की २०२३ मध्ये त्यांच्या घरात कुणी नोकरी बदलली होती का. तेव्हा मागायचे राहून गेले असेल तर सुधारित विवरणपत्राने अजूनही मागता येईल, कारण कॅलिफोर्निया परताव्यासाठी साधारणपणे मूळ विवरणपत्रापासून चार वर्षांची मुदत देते.

दिरांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि पेनसिल्व्हेनियात राहून डेलावेअर नदी ओलांडून रोज कामाला येणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा तो आहे. दोन्ही राज्यांमध्ये परस्पर करार आहे; त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशाच्या न्यू जर्सीतल्या पगारावर न्यू जर्सी आयकर घेत नाही. या कराराचा विम्याच्या वर्गण्यांशी संबंध नाही. काम न्यू जर्सीत असल्याने त्या न्यू जर्सीतच कापल्या जातात. म्हणून दिरांसमोर विचित्र परिस्थिती उभी राहते: जादा वर्गणी न्यू जर्सीकडे अडकलेली, पण न्यू जर्सीचे विवरणपत्र भरण्याचे कारण नाही, आणि एनजे-२४५० तर विवरणपत्रासोबतच जातो. त्यांच्यासाठी राज्याच्या कामगार आणि कार्यबल विकास विभागाचा यूसी-९ए हा वेगळा अर्ज आहे. तो डब्ल्यू-२ च्या प्रतींसह थेट त्या विभागाकडे पाठवायचा असतो. त्यांच्या एखाद्या कंपनीने करार न जुमानता न्यू जर्सीचा आयकरही कापला असेल, तर मात्र तो परत मिळवण्यासाठी त्यांना एनजे-१०४०एनआर हे अनिवासी विवरणपत्र भरावेच लागेल, आणि मग एनजे-२४५० त्यालाच जोडावा. अशा वेळी नव्या कंपनीला एनजे-१६५ हा फॉर्म देऊन पुढची आयकर कपात थांबवून घ्यावी.

हाच यूसी-९ए आपल्यालाही ठाऊक असावा. एनजे-२४५० वरील मागणी काही कारणाने नाकारली गेली तर पुढचा दरवाजा तोच आहे. आणि जर्सी सिटी किंवा होबोकनला राहून मॅनहॅटनमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक वाक्य: आपल्या डब्ल्यू-२ वरील न्यूयॉर्कच्या वर्गण्या या हिशेबात धरता येत नाहीत, त्यांच्या मर्यादा आणि नियम वेगळे आहेत.

आपल्या पत्रात जी गोष्ट नाही, तीच रकमेने सर्वांत मोठी आहे. आपल्या दोन्ही पगारांची बेरीज २,१०,००० डॉलर होते. संघराज्याच्या सोशल सिक्युरिटी करालाही पगाराची मर्यादा आहे आणि २०२५ साठी ती १,७६,१०० डॉलर होती, ६.२ टक्क्यांनी कमाल १०,९१८ डॉलर २० सेंट. आपल्या पहिल्या कंपनीने ७,३१६ आणि दुसरीने ५,७०४ डॉलर कापले असणार, एकूण १३,०२०. म्हणजे २,१०१ डॉलर ८० सेंट जादा गेले. हे पैसे न्यू जर्सीकडे नाहीत. ते संघराज्याच्या १०४० विवरणपत्रात, तिसऱ्या अनुसूचीवर, भरलेल्या कराप्रमाणे जमेस धरले जातात. डब्ल्यू-२ च्या चौथ्या रकान्यातले दोन आकडे बरोबर भरले असतील तर सॉफ्टवेअर हे बहुधा स्वतः करते, तरी पाहून घ्यावे. इथेही तोच नियम आहे: दोन कंपन्यांमुळे जादा झाले तर विवरणपत्रात, एकाच कंपनीने चुकून जादा कापले तर आधी कंपनीकडे, आणि कंपनीने दिलेच नाही तर संघराज्याच्या करखात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे, फॉर्म ८४३ वर. ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यासाठी कापल्या जाणाऱ्या मेडिकेअर कराला अशी मर्यादा नाही. त्यात परत मागण्यासारखे काही नसते.

संघराज्याच्या विवरणपत्रात आपण घराच्या कर्जाचे व्याज आणि मालमत्ता कर दाखवून वजावटींची यादी भरत असाल, तर या तिन्ही वर्गण्या राज्याच्या करांत धरता येतात, आणि त्या धरून कर कमी केलात तर परत आलेला भाग पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावा लागू शकतो. प्रमाणित वजावट घेत असाल तर याचा विचार करू नका.

राहिली मुदत. न्यू जर्सीत ही मागणी पगार मिळालेले कॅलेंडर वर्ष संपल्यानंतर दोन वर्षांच्या आत करावी लागते. आयकराच्या परताव्याची मुदत याहून लांब असते, म्हणून लोक फसतात. २०२५ च्या जादा वर्गणीसाठी आपल्याला आणि दिरांना ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत वेळ आहे, पण १५ एप्रिलच्या विवरणपत्रासोबतच मागणी करून टाकणे उत्तम. आपण किंवा यजमानांनी २०२४ मध्येही नोकरी बदलली असेल, तर त्या वर्षीचे डब्ल्यू-२ आजच काढून पाहा. त्या वर्षीच्या कमाल रकमा बेरोजगारी गटात १७९ डॉलर ७८ सेंट आणि अपंगत्व व कौटुंबिक रजा विम्यात प्रत्येकी १४५ डॉलर २६ सेंट होत्या. बेरीज त्यांच्या वर जात असेल तर एनजे-१०४०एक्स हे सुधारित विवरणपत्र एनजे-२४५० जोडून ३१ डिसेंबर २०२६ च्या आत पाठवावे लागेल.